सक्तीचा कागद कधी येतो? : झेंडा, प्रतिज्ञा आणि हात पुढे न करणारी मुलं

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत १८९२ पासून ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा सक्तीची करण्यात आली.' सरांनी त्यातल्या 'सक्तीची' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'कोणी केली? कागद दाखव.' मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. पण मी समजत होतो तसा कागद मुळात नव्हताच. जे कागद होते ते भलत्याच वर्षांचे निघाले आणि त्यांनी माझं एक प्रकरण पूर्ण उलटंपालटं केलं.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करत असाल, काहींचा विषयही ठरला असेल. शाळेतला परिपाठ, राष्ट्रगीत, झेंडावंदन, गणवेश असलं काही तुमच्या विषयाच्या आसपास असेल तर हा लेख कामाला येईल. नसेल तरी वाचा, कारण 'सक्ती' हा शब्द आपण सगळेच फार सैल वापरतो.

आपल्या डोक्यातलं चित्र आधी आठवा. सकाळची वेळ, मैदानात रांगा, 'सावधान', आणि मग प्रतिज्ञेसाठी उजवा हात समोर. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानांवर छापलेली ही प्रतिज्ञा १९६२ साली विशाखापट्टणममध्ये कोषागार अधिकारी असलेल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. मला हे एम.ए. होईपर्यंत ठाऊक नव्हतं. रोज म्हटलेल्या गोष्टीला लेखक असतो, तारीख असते, हेच आपल्याला सुचत नाही. विधीचं असंच असतं, तो 'पहिल्यापासून' चालत आल्यासारखा वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमकी इथेच शंका घ्यायची.

अमेरिकेच्या प्रतिज्ञेची तारीख तर अगदी स्वच्छ माहीत आहे. बॉस्टनहून 'यूथ्स कंपॅनियन' नावाचं मुलांचं आणि कुटुंबाचं साप्ताहिक निघायचं. त्याच्या ८ सप्टेंबर १८९२ च्या अंकात ती छापून आली. लिहिणारे फ्रान्सिस बेलामी हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि ख्रिस्ती समाजवादी विचारांचे. निमित्त होतं कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाल्याचं. पण त्याआधी चार वर्षं या साप्ताहिकाने शाळांना झेंडे विकायची मोहीम काढली होती, आणि तिच्यामागे जेम्स अपहॅम हे साप्ताहिकाच्या धंद्याची बाजू सांभाळणारे गृहस्थ होते. मुलांनी दहा-दहा सेंटची प्रमाणपत्रं गावात खपवायची, अशी शंभर खपली की दहा डॉलर जमतात, आणि तेवढ्यात शाळेसाठी झेंडा येतो. साप्ताहिकाचा खप वाढतो, गावाला झेंडा मिळतो, मुलांना पराक्रम केल्यासारखं वाटतं. अपहॅम नुसतेच धंदेवाईक होते असं मला म्हणायचं नाही. यादवी युद्धाला तेव्हा पंचवीस-तीस वर्षंच झालेली होती आणि युरोपातून बोटी भरभरून लोक येत होते. त्यांच्या मुलांना 'आपलं' कसं करायचं, ही काळजी त्या पिढीत खरीच होती. पण इथे सरकारी हुकूम कुठे दिसतो? एक मासला, एक जाहिरात आणि एक उत्साही मोहीम. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कोलंबस दिन साजरा करण्याचं जाहीर आवाहन केलं, पण आवाहन म्हणजे सक्ती नव्हे.

कायदे आले ते पुढे, एकेका राज्यात, तुकड्यातुकड्याने. ते वाचताना मला एक युक्ती सापडली. युक्ती कसली, शाळेतलं व्याकरणच ते: कायद्याच्या वाक्यातला कर्ता शोधा. 'शाळेवर झेंडा फडकावा' असं म्हणणाऱ्या कायद्यात बंधन इमारतीवर, म्हणजे शाळा चालवणाऱ्यांवर आहे. न्यूयॉर्क राज्याने १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध झालं त्याच वर्षी, झेंड्याला सलाम करण्याबद्दल कायदा केला. तो 'पहिला सक्तीचा कायदा' म्हणून बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. त्यात कर्ता कोण? राज्याचा शिक्षण अधीक्षक. त्याने रोज शाळा भरताना झेंड्याला सलाम करण्याचा कार्यक्रम तयार करून द्यायचा आहे. मूल वाक्यात कुठेच नाही. त्याने ओठ मिटून ठेवले तर काय, याबद्दल अक्षर नाही.

म्हणजे झेंडा लावण्याचं बंधन वेगळं, विधी घेण्याचं वेगळं आणि प्रत्येक मुलाने तोंडाने म्हणण्याचं वेगळं. पहिली दोन असली तरी तिसरं आपोआप येत नाही. मी माझ्या पहिल्या मसुद्यात या तिन्हींची एकच मोळी बांधली होती.

मग तिसरं बंधन येतं कधी?

पेनसिल्व्हेनियात मायनर्सव्हिल नावाचं कोळसा खाणींचं छोटं गाव आहे. वस्ती बहुतेक कॅथलिक. तिथे वॉल्टर गोबायटस यांचं किराणा दुकान होतं. कुटुंब 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचं. देवाशिवाय कशापुढेही, कुठल्याही प्रतिमेपुढे वंदन करायचं नाही ही या पंथाची श्रद्धा. त्याच काळात जर्मनीत हिटलरला सलाम करायला नकार दिल्याबद्दल या पंथाच्या लोकांना तुरुंगात आणि छळछावण्यांत टाकलं जात होतं. ती बातमी अमेरिकेतल्या घराघरांत पोचली होती. (आपण सहज 'झेंडावंदन' म्हणतो, आणि त्या शब्दात 'वंदन' आहे हे आपल्याला टोचत नाही. त्यांना नेमकं तेच टोचत होतं. भाषांतर करताना मी आता 'सलाम' लिहितो.)

१९३५ च्या शरद ऋतूत बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम यांनी वर्गात सलाम करायचं थांबवलं. गावच्या शाळांत सलामाची प्रथा कित्येक वर्षं होती, पण तो केलाच पाहिजे असा लेखी नियम नव्हता. शिक्षण अधीक्षकांना मुलांना काढायचं होतं, पण काढणार कुठल्या नियमाखाली? विल्यमने ५ नोव्हेंबरला शाळा मंडळाला स्वतःच्या हाताने पत्र लिहून कारण कळवलं. ते पत्र आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलं आहे. पोराचं अक्षर, पण काय म्हणायचंय ते स्पष्ट: मला देश आवडत नाही असं नाही, पण देवाची आज्ञा मोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी, ६ नोव्हेंबरला मंडळाची बैठक झाली. तिच्यात आधी ठराव झाला की सलाम न करणं म्हणजे शिस्तभंग. आणि मग त्याच बैठकीत, त्याच ठरावाखाली मुलांना काढून टाकलं.

हे वाचलं तेव्हा मी वाचनालयात शेजारी बसलेल्या मैत्रिणीला हलवून सांगितलं होतं, 'अगं, नियम नंतर आलाय!' ती भूगोलाची, तिला काय त्याचं. पण माझ्यासाठी सगळं प्रकरण तिथे उलटलं. 'नियम होता, मुलांनी तो मोडला' असा क्रम मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात प्रथा होती, मुलांनी नकार दिला आणि त्या नकारामुळे नियम जन्माला आला. जोवर सगळे म्हणत होते तोवर कोणाला लिहून ठेवायची गरजच पडली नव्हती.

पुढचं न्यायालयीन कथानक थोडक्यात सांगतो. जिल्हा न्यायालयात मुलं जिंकली, अपिलातही जिंकली. ३ जून १९४० रोजी सर्वोच्च न्यायालयात मात्र आठ विरुद्ध एक अशी हरली. निकाल लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. राष्ट्राची एकजूट टिकवायला कोणते उपाय योजावेत हे शाळा मंडळांनी ठरवावं, कोर्टाने त्यात पडू नये, हा त्याचा गाभा. एकटे हार्लन स्टोन विरोधात गेले.

दिवस बघा. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश फौजा त्याच आठवड्यात माघार घेत होत्या. अमेरिकेत घरभेद्यांची भीती पसरलेली. निकालानंतर सहाच दिवसांनी मेन राज्यातल्या केनेबंक गावी साक्षीदारांचं सभागृह जमावाने जाळलं. असे हल्ले त्या उन्हाळ्यात देशभर शेकड्यांनी झाले. निकालात कुठेही हिंसा करा असं म्हटलेलं नव्हतं हे खरं, पण 'देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच यांना चूक ठरवलं' एवढं गावगुंडांना पुरलं.

आणि कागद? वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्य शिक्षण मंडळाने ९ जानेवारी १९४२ ला ठराव करून सलाम सगळ्या मुलांना आणि शिक्षकांना सक्तीचा केला. त्याच्या प्रास्ताविकातला बराच मजकूर १९४० च्या निकालातूनच उचलला होता. न्यायाधीशांनी संयम म्हणून 'मंडळाला ठरवू द्या' म्हटलं, आणि मंडळाने ते वाक्य हुकूम म्हणून छापलं. नकार देणाऱ्या मुलाला काढायचं, काढल्यावर ते 'बेकायदा गैरहजर' धरायचं आणि त्याबद्दल आईबापांना पन्नास डॉलरपर्यंत दंड आणि तीस दिवसांपर्यंत कैद, अशी ती साखळी होती. पुन्हा वाचा: आधी शाळेने बाहेर काढायचं, आणि मग बाहेर असल्याची शिक्षा घरच्यांना.

त्या राज्यातल्या बार्नेट कुटुंबातल्या दोन बहिणींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जून १९४३ ला, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या ध्वजदिनीच, न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला.

का फिरवला, हा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारण्यासारखा आहे, आणि 'युद्धामुळे सक्ती आली, युद्ध ओसरल्यावर गेली' असं छापील उत्तर देण्याचा मोह होतो. तारखा त्याला आडव्या येतात. १९४० मध्ये अमेरिका युद्धात नव्हती, तेव्हा सक्ती वैध ठरली. १९४३ मध्ये देश ऐन युद्धात होता, तेव्हा ती घटनाबाह्य ठरली. मग साधा हिशेब मांडा. एकटे पडलेले स्टोन आता सरन्यायाधीश होते. जॅक्सन आणि रटलेज हे दोघे नवीन आले होते. आणि ब्लॅक, डग्लस, मर्फी या तिघांनी १९४२ च्या एका वेगळ्या खटल्यातच लिहून टाकलं होतं की १९४० मध्ये आमचं चुकलं. एक, दोन आणि तीन मिळून सहा. त्या तिघांचं मत का बदललं, यात केनेबंकसारख्या घटनांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. पण हा माझा निष्कर्ष आहे, हिशेबासारखी ठोस गोष्ट नाही. प्रबंधात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहायच्या.

रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग घोषवाक्यासारख्या प्रसिद्ध परिच्छेदात नाही. त्यांनी प्रश्नाची चौकटच बदलली. १९४० मध्ये प्रश्न असा होता की धर्मासाठी या मुलांना सूट द्यायची का. जॅक्सन म्हणाले, सूट कसली मागता, मुळात असा हुकूम काढायचा अधिकार सरकारला आहे का ते आधी पाहू. मनात नसलेलं बोलायला लावणं हाच भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे, मग कारण धर्माचं असो वा नसो. त्यामुळे हा निकाल एका पंथापुरता राहिला नाही. ज्याचा कुठल्याच देवावर विश्वास नाही असं मूलही त्याच्या आडोशाला येतं.

फ्रँकफर्टर यांना खलनायक करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी केलं होतं. हा माणूस व्हिएन्नात जन्मलेला ज्यू, बाराव्या वर्षी अमेरिकेत आला, नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेच्या उभारणीत होता. १९४३ च्या भिन्नमताची सुरुवातच त्यांनी आपण छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांपैकी आहोत हे सांगून केली. सक्ती त्यांना शहाणपणाची वाटत नव्हती. ती कोर्टाने नव्हे, लोकांनी निवडलेल्यांनी रद्द करावी असं त्यांना वाटे. शिवाय ज्या पोराला शाळेनेच अमेरिकन केलं, त्याला शाळेतल्या विधीची ताकद जरा जास्तच जाणवत असणार.

याच काळातला एक कागद राहिला. अमेरिकेच्या संसदेने प्रतिज्ञेला कायद्यात पहिल्यांदा जागा दिली ती जून १९४२ मध्ये. बेलामींनी ती लिहिल्याला तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती. त्याच वर्षी डिसेंबरात हात समोर लांब करण्याऐवजी छातीवर ठेवायची पद्धत आली, कारण जुनी पद्धत नाझी सलामासारखी दिसू लागली होती. आता तुमच्या डोक्यात आलं असेल: आपणही प्रतिज्ञेला हात समोर धरतो, म्हणजे ते तिकडून आलं का? थांबा. साम्य दिसलं की संबंध लिहून मोकळं व्हायचं नाही. मधला दुवा दाखवणारा कागद हातात येईपर्यंत ते वाक्य वहीतच ठेवायचं.

अमेरिकेशी आपला खरा, कागदावरचा दुवा आहे तो केरळातून. तिथल्या एका शाळेत याच पंथाची तीन भावंडं दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताला ती नीट उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या थोरल्या बहिणीही आधी तशाच उभ्या राहिल्या होत्या. कोणाची काही तक्रार नव्हती. जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही. तरीही उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी २६ जुलैला तिघांना काढलं. वडील विनवण्या करायला गेले तेव्हा बाईंनी आपण असहाय असल्याचं सांगितलं.

केरळ उच्च न्यायालयात मुलं दोनदा हरली. सर्वोच्च न्यायालयात 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावाने प्रकरण आलं आणि ११ ऑगस्ट १९८६ ला न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. निकालात १९४० आणि १९४३ ची दोन्ही अमेरिकन प्रकरणं चर्चेला आली आहेत. पण न्यायमूर्तींनी आधी काय केलं? माझ्या सरांनी विचारलं तेच विचारलं: कागद कुठाय? राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा तपासला. तो राष्ट्रगीत गाणाऱ्यांना अडवू नका, त्यात व्यत्यय आणू नका असं सांगतो, प्रत्येकाने गायलाच हवं असं सांगत नाही. राज्याने पुढे केली शिक्षण संचालकांची दोन जुनी परिपत्रकं, आणि परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. कलम १९ आणि २५ मधल्या हक्कांवर बंधन घालायचं तर कायदा लागतो. तो नव्हता.

मायनर्सव्हिलपेक्षा इथला क्रम थोडा वेगळा आहे. परिपत्रकं आधीपासून होती, पण कपाटात. नकारही कित्येक वर्षं होता, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि तरी कोणाला न दिसणारा. तो कोणाला तरी दिसला, आणि कपाट उघडलं. मात्र इमॅन्युएल भावंडांसोबत रांगेत उभ्या असलेल्या शेकडो मुलांना एव्हाना माहीत होतं की ही गात नाहीत, आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

आणि हे सगळं १९८६ ला संपलं असंही नाही. फ्लोरिडात प्रतिज्ञा न म्हणायची मुभा आहे, पण त्यासाठी पालकांची लेखी परवानगी लागते. अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिलं. २००८ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ही अट मान्य केली, कारण मूल काय म्हणतं यावर पालकांचाही हक्क आहे. जॅक्सन यांच्या निकालात हक्क मुलाचा होता की आईबापाचा, हे सत्तर-ऐंशी वर्षांनी विचारलं जातंय. यावर कोणी काम करणार असेल तर मला जरूर कळवा.

आता तुमच्या कामाचं. अभिलेखात 'गोबायटस' शोधलंत तर अर्धेच कागद सापडतील, कारण खटल्यात त्यांचं आडनाव 'गोबायटिस' असं चुकीचं नोंदलं गेलं आणि तेच इतिहासात राहिलं. बार्नेट कुटुंबाच्या नावालाही कोर्टाच्या कारकुनाने शेवटी एक जास्तीचं अक्षर चिकटवलं. दोन देशगाजलेल्या खटल्यांत दोन्ही कुटुंबांची नावं चुकलेली. नावाच्या दोन्ही रूपांनी शोध घ्या.

आपल्याकडे असं काही शोधायचं असेल तर शासन निर्णयांपासून सुरुवात करू नका. ते शेवटी बघा. आधी शाळेची सूचनावही मिळते का बघा, जी शिपाई वर्गावर्गात फिरवतो आणि ज्यावर शिक्षक सही करतात. 'उद्यापासून सर्व विद्यार्थ्यांनी...' अशी सुरू होणारी सूचना दिसली की तारीख टिपा आणि आधीच्या आठवड्यात काय घडलं ते विचारायला गावातल्या म्हाताऱ्या शिक्षकांकडे जा. मग जनरल रजिस्टर. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. मी आत्तापर्यंत अशी तीन जुनी रजिस्टरं पाहिली. त्या रकान्यात एकच मजकूर खाली खाली उतरत गेलेला असतो: 'पालकांच्या विनंतीवरून'.